गव्हर्नरची डिग्री विचारता, मग आपल्या संचालकाची कधी विचारणार?

परवा इंदापूर स्टँडसमोर चहाला थांबलो होतो. बारामतीची गाडी यायला वेळ होता. टपरीवर पाच-सहा जण, सगळे तोंडओळखीचे. विषय निघाला घरकर्जाच्या हप्त्याचा. एकाचा हप्ता थोडा कमी झाला होता. दुसऱ्याला बँकेनं सांगितलं होतं की हप्ता तोच राहील, मुदत कमी होईल. त्यावरून गाडी रिझर्व्ह बँकेवर गेली आणि तिथून थेट गव्हर्नरवर.

"आत्ताचा गव्हर्नर कॉम्प्युटर इंजिनिअर आहे म्हणे. त्याला पैशातलं काय कळतं?" एक जण म्हणाला.

"आधीचा तर इतिहासाचा एम.ए. होता," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

मग माझ्याकडं वळले. "काय पत्रकार, तुम्ही सांगा. असं चालतंय का?"

गाडी आली, मी निघालो, उत्तर राहून गेलं. ते आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण सप्टेंबर चालू आहे, सोसायट्या-बँकांच्या वार्षिक सभांचे दिवस आहेत. शेवटपर्यंत वाचलंत तर ह्या विषयाचा आणि तुमच्या ठेवीचा काय संबंध आहे ते कळेल.

आधी माझं सांगतो, म्हणजे कुणी विचारायला नको. माझ्याकडं अर्थशास्त्राची डिग्री नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा आहे, आणि वीसेक वर्षं कारखाने, बँका, बाजार समित्यांच्या सभा कव्हर केल्याचा अनुभव. त्यामुळं "डिग्री नाही तर बोलू नको" हा नियम लावला तर पहिला मीच बाहेर जाईन.

आता माहिती. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत २६ गव्हर्नर झाले. त्यातले निम्म्याहून जास्त सनदी अधिकारी होते, म्हणजे आधी आय.सी.एस. आणि नंतर आय.ए.एस. बाकीच्यांत अर्थशास्त्रज्ञ आहेत, एखाद-दुसरा बँकर आहे, के. आर. पुरी तर एल.आय.सी.चे अध्यक्ष होते. रिझर्व्ह बँकेतच नोकरीला लागून, तिथंच वाढून गव्हर्नर झालेला माणूस एकच, एम. नरसिंहम. तेही १९७७ साली सात महिन्यांसाठी. आणि इतक्या वर्षांत एकही बाई गव्हर्नर झालेली नाही. डेप्युटी गव्हर्नरपदापर्यंत पहिल्यांदा बाई पोचली ती २००३ मध्ये, के. जे. उदेशी. त्यांच्यानंतर उषा थोरात.

आता त्या टपरीवरच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्याच मराठी माणसाकडं आहे. पहिले भारतीय गव्हर्नर कोण? चिंतामण द्वारकानाथ देशमुख. सी. डी. देशमुख. जन्म १८९६ चा, रायगडाजवळच्या नाते गावातला. १९१२ ला मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढं केंब्रिजला गेले. आणि तिथं शिकले काय? अर्थशास्त्र नाही. बँकिंग नाही. निसर्गविज्ञान! वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्रात त्यांना तिथं बक्षीसही मिळालं होतं.

म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर झाडापानांचा अभ्यास केलेला माणूस देशाच्या तिजोरीवर बसला. आज असतं तर व्हॉट्सअॅपवर काय काय फिरलं असतं, विचार करा.

पण थांबा. डिग्री आणि खुर्ची ह्याच्या मधल्या वर्षांत देशमुखांनी काय केलं ते बघा. १९१८ ला आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले. मग मध्य प्रांतात नोकरी. तिथं जमिनीच्या महसूल आकारणीचं काम केलं. हे काम म्हणजे गावोगाव फिरायचं, जमिनीची प्रत बघायची, पीक किती येतं, पाणी कुठून येतं, कुळाच्या हातात काय उरतं, हे समजून आकारणी ठरवायची. त्यानंतर सरकारच्या अर्थ खात्यात काम. १९३९ ला रिझर्व्ह बँकेत आले, आधी संपर्क अधिकारी, मग केंद्रीय मंडळाचे सचिव, १९४१ ला डेप्युटी गव्हर्नर आणि ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर. चार वर्षं बँकेच्या आत राहून, काम शिकून मग खुर्ची.

पुढं १९४४ ला ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते, जिथून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आली. फाळणीत दोन देशांच्या चलनाची वाटणी त्यांच्याच काळात झाली. १९४९ ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हाही तेच गव्हर्नर. नंतर देशाचे अर्थमंत्री झाले, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून १९५६ ला मंत्रिपद सोडलं. हा शेवटचा भाग आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. आधीचा भाग मात्र कुणी सांगत नाही.

देशमुखांशिवाय आणखी दोन मराठी माणसं त्या खुर्चीवर बसली, दोन्ही दीड-दीड महिन्यासाठी. १९५७ ला के. जी. आंबेगावकर, ते आय.सी.एस. आणि १९७० ला बी. एन. आडारकर, ते अर्थशास्त्रज्ञ. गांधी जन्मशताब्दीच्या काही नोटांवर आडारकरांची सही आहे. कुणाच्या आजोबांच्या पेटीत अशी नोट असेल तर जरूर बघा.

आता अलीकडचे बघू.

डी. सुब्बाराव. आय.आय.टी.मध्ये फिजिक्स शिकले, नंतर आय.ए.एस. ५ सप्टेंबर २००८ ला गव्हर्नर झाले आणि १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. खुर्ची गरम व्हायच्या आत जगभराचं संकट डोक्यावर. त्या संकटात आपल्या बँका तरल्या, त्याचं बरंच श्रेय त्यांच्या आधीच्या वाय. व्ही. रेड्डींना दिलं जातं. रेड्डी आय.ए.एस.ही होते आणि अर्थशास्त्राचे डॉक्टरही. जमिनी आणि बांधकामाकडं धावणाऱ्या कर्जाला त्यांनी आधीच लगाम घातला होता.

रघुराम राजन. आय.आय.टी. दिल्लीचे इंजिनिअर, मग आय.आय.एम. अहमदाबाद, मग एम.आय.टी.ची डॉक्टरेट. २०१५ पासून त्यांनी बँकांना त्यांची लपवलेली थकबाकी कागदावर आणायला लावली. बऱ्याच मोठ्यांना ते झोंबलं.

शक्तिकांत दास. हेच ते इतिहासाचे एम.ए. डिसेंबर २०१८ ला नेमणूक झाली तेव्हा त्यांची खूप टिंगल झाली. पण त्याआधी त्यांची बरीच वर्षं सरकारच्या महसूल आणि अर्थ खात्यांत गेली होती. कोरोना आला तेव्हा २७ मार्च २०२० ला त्यांनी रेपो दर एकदम पाऊण टक्क्यानं कमी केला आणि कर्जाच्या हप्त्यांना तीन महिने सवलत दिली. तेव्हा आपल्यापैकी किती जणांचा ट्रॅक्टरचा, गाडीचा, दुकानाचा हप्ता थांबला होता, आठवा. सहा वर्षं त्यांनी ते पद सांभाळलं. त्यांच्या सगळ्या निर्णयांशी सहमत व्हायची गरज नाही, मीही नाही. पण "इतिहासवाल्याला जमणार नाही" हे म्हणणं मात्र खोटं ठरलं.

आणि आत्ताचे संजय मल्होत्रा. आय.आय.टी. कानपूरचे कॉम्प्युटर इंजिनिअर हे खरं, पण प्रिन्स्टनमधून सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवीही आहे, आणि गव्हर्नर होण्याआधी ते केंद्राचे महसूल सचिव होते. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून साडेपाचवर आला, तो ह्यांच्याच काळात. म्हणजे टपरीवर ज्याचा हप्ता कमी झाला, त्यानंच "ह्याला काय कळतं" म्हणून विचारलं होतं!

बाहेरच्या जगातही असंच आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे २०१८ ला अध्यक्ष झालेले जेरोम पॉवेल वकिलीचं शिक्षण घेतलेले. युरोपच्या मध्यवर्ती बँकेच्या ख्रिस्तीन लगार्द, त्याही वकील. उलट २००८ ला अमेरिकेत बेन बर्नान्की होते, १९३० च्या महामंदीचे नामांकित अभ्यासक. तरी संकट यायचं ते आलंच. पण आल्यावर ते हाताळताना तो अभ्यास त्यांच्या कामी आला, हेही तितकंच खरं. म्हणजे शिक्षण फुकट जात नाही. फक्त डिग्रीच्या कागदावरून माणूस ओळखता येत नाही.

मग काय बघायचं? मला वाटतं तीन गोष्टी. एक, खुर्चीवर यायच्या आधी त्यानं पैशाचा कारभार प्रत्यक्ष कुठं हाताळला. दोन, जे येत नाही ते शिकायची आणि जाणकारांचं ऐकायची तयारी आहे का. तीन, ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार ती माणसं त्याला माहीत आहेत का.

ह्या तिसऱ्या मुद्द्यावर माझी रिझर्व्ह बँकेविषयी खरी तक्रार आहे.

नोव्हेंबर २०१६ आठवा. नोटबंदी. तेव्हाचे गव्हर्नर होते ऊर्जित पटेल. लंडन, ऑक्सफर्ड, येल. अर्थशास्त्रात ह्याहून मोठं शिक्षण कुठलं असतं? आणि १४ नोव्हेंबरला आदेश आला की जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी जुन्या नोटा घ्यायच्याही नाहीत आणि बदलूनही द्यायच्या नाहीत. ह्या बँकांत काळा पैसा जिरवला जाईल अशी शंका त्यामागं होती. शंका अगदीच हवेतली होती असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडं खेड्यात बँक म्हणजे जिल्हा बँक. विकास सोसायटीचं कर्ज तिथून, दुधाचा पगार तिथं, उसाचं बिल तिथं, म्हातारीची ठेव तिथं. निर्णय घेणाऱ्याला हे माहीत असतं तर बंदीऐवजी तपासणीचा रस्ता निघाला असता. निदान चार दिवस विचार तरी झाला असता. त्या आठवड्यात निमगाव केतकीपासून भिगवणपर्यंत लोकं पिशवीत नोटा घेऊन दुसऱ्या बँकांच्या दारात उभी होती. मी त्या रांगांच्या बातम्या केल्यात.

त्या खोलीत ही गोष्ट सांगणारं कुणी असायला पाहिजे होतं. आणि गंमत म्हणजे कायद्यालाही हे माहीत आहे. १९३४ चा रिझर्व्ह बँकेचा कायदा उघडून बघा. गव्हर्नरसाठी शिक्षणाची एकही अट नाही. केंद्र सरकार नेमेल तो. २०१६ पासून व्याजदर ठरवायला सहा जणांची पतधोरण समिती आहे. तिच्यातल्या तीन बाहेरच्या सदस्यांना मात्र अर्थशास्त्र, बँकिंग, वित्त किंवा पतधोरणाचं ज्ञान आणि अनुभव हवा, अशी अट घातलीय. आणि त्याच कायद्यात जी स्थानिक मंडळं सांगितलीत, त्यांच्याबद्दल लिहिलंय की तिथं शक्यतो सहकारी बँकांच्या हिताचंही प्रतिनिधित्व असावं. केंद्रीय मंडळावर २०१८ पासून सतीश मराठे आहेत, ते सहकारी बँकिंगमधून आलेले. चांगली गोष्ट आहे. पण आजवरच्या २६ गव्हर्नरांत सहकारी बँकेत हयात घालवलेला एकही नाही.

पूर्वी हे अंतर भरून काढायची एक पद्धत होती. १९५१ ला रिझर्व्ह बँकेनं देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. ए. डी. गोरवाला तिच्या समितीचे अध्यक्ष, आणि सदस्यांत आपले पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. गाडगीळ गोखले संस्थेत प्राध्यापक आणि त्याच वेळी विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या कारखान्याच्या उभारणीत. वर्गातलंही माहीत आणि बांधावरचंही. त्या पाहणीत काय निघालं? शेतकऱ्याच्या एकूण कर्जातलं सुमारे ७० टक्के सावकारांकडून येत होतं. सरकारकडून ३.३ टक्के, सहकारी संस्थांकडून ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांकडून तर १ टक्काही नाही. त्या अहवालानंतर १९५५ ला इम्पिरियल बँकेची स्टेट बँक झाली, सहकारी संस्थांत सरकारनं भागभांडवल घालायला सुरुवात केली. तेव्हा अर्थमंत्री कोण? तेच, झाडापानांचा अभ्यास केलेले देशमुख.

म्हणजे गव्हर्नरला सगळंच माहीत असायला पाहिजे असं नाही. माहीत असलेल्यांना त्यानं टेबलाशी बसवलं पाहिजे. वर आपली मागणी ही असावी. कॉम्प्युटर की इतिहास, हा वाद सोडा.

इथपर्यंत सगळे माना डोलावतील. आता जरा जवळ येऊ, म्हणजे कुणी डोलावणार नाही.

गव्हर्नर मुंबईत. त्याला आपण नेमत नाही, काढतही नाही. पण आपल्या तालुक्यातल्या सहकारी बँकेचा संचालक, पतसंस्थेचा चेअरमन, सोसायटीचा चेअरमन, ह्यांना कोण नेमतं? आपण. मतदान करून. आणि मत देताना त्याचं शिक्षण, त्याचा अनुभव, त्याला ताळेबंद वाचता येतो का, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? आपण विचारतो पॅनेल कुणाचं, भावकी कुणाची, गटातला आहे का, लग्नाला आला होता का, दवाखान्यात भेटायला आला होता का. चिन्ह कुठलं, छत्री का विमान. संपलं.

माझ्या बातमीदारीत मी अशा वार्षिक सभा बघितल्यात जिथं अहवालाचं पान उघडायच्या आत "मंजूर, मंजूर" होतं. विषय क्रमांक एक ते बारा, वीस मिनिटांत. मग जेवण. थकबाकी किती, एनपीए किती, ऑडिटचा वर्ग अ मिळाला का क, हे विचारणारा एखादा उठला तर मागून आवाज येतो, "बस की नाना, जेवण गार होतंय."

हसू नका. आमच्या नात्यातल्या एका मावशींचं सांगतो. काका निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या पैशातले चार लाख एका पतसंस्थेत ठेवले. नाव लिहीत नाही. व्याज बँकेपेक्षा दीड टक्का जास्त होतं आणि चेअरमन ओळखीचे. काका गेले, आणि पुढच्या वर्षी पतसंस्थेच्या दाराला कुलूप लागलं. मावशी मला म्हणाल्या, "अरे, रिझर्व्ह बँकेत तक्रार कर ना, तुझी ओळख आहे." मला त्यांना सांगावं लागलं की मावशी, पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येतच नाही. ती सहकार खात्याकडं असते. आणि बँकेच्या ठेवीला विम्याचं जे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, ते पतसंस्थेच्या ठेवीला नाही. मावशींना हे माहीत नव्हतं, आणि काकांनाही नव्हतं. काका तर शिकलेले होते. डिग्री होती त्यांच्याकडं.

म्हणून नीट समजून घ्या. सहकारी बँक, मग ती नागरी असो की जिल्हा बँक, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. बँक विम्यात असेल तर एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत विमा. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० ला एक लाखावरून पाच लाख झाली. पीएमसी बँकेचं प्रकरण झाल्यावर! पतसंस्थेला हा विमा नाही, मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही. बोर्डवर कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असू दे.

आणि सहकारी बँक म्हणजे पूर्ण निर्धास्त, असंही समजू नका. पुण्याची रुपी बँक १९१२ ची. शंभरी ओलांडलेली. तिच्यावर २०१३ ला निर्बंध आले आणि २०२२ ला परवानाच गेला. ठेवीदार पेन्शनर लोकं होती, पुण्याची, शिकली-सवरलेली.

आता कायदा काय म्हणतो? २०२० च्या दुरुस्तीनंतर बँकिंग नियमन कायद्यातली एक महत्त्वाची अट सहकारी बँकांनाही लागू झाली. संचालक मंडळातल्या किमान ५१ टक्के लोकांना हिशेब, बँकिंग, सहकार, अर्थशास्त्र, कायदा, शेती आणि ग्रामीण अर्थव्यवस्था, लघुउद्योग असल्या एखाद्या विषयाचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव पाहिजे. शंभर कोटींच्या वर ठेवी असलेल्या नागरी बँकेला तज्ज्ञांचं वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमावं लागतं. २०२१ पासून खासदार, आमदार, नगरसेवक हे नागरी सहकारी बँकेचे व्यवस्थापकीय संचालक होऊ शकत नाहीत. आणि संचालक सलग किती वर्षं राहू शकतो ह्यावरही मर्यादा आलीय. आधी आठ वर्षं होती, १ ऑगस्ट २०२५ पासून दहा झाली.

लक्षात घ्या, ह्या यादीत शेतीचा अनुभवही धरलाय. म्हणजे आपला दहावी शिकलेला पण चाळीस वर्षं ऊस केलेला माणूस कायद्याच्या दृष्टीनं पात्र ठरू शकतो. आणि ठरावा, असं माझं मत आहे. नवं-जुनं करायला शेतकरी चार दिवसांसाठी हातउसने पैसे कुठून आणतो आणि त्यावर काय मोजतो, हे त्याला जेवढं कळतं तेवढं कुठल्या सी.ए.ला कळणार? फक्त त्यानं त्या खुर्चीवर बसल्यावर ताळेबंद वाचायला शिकलं पाहिजे. देशमुख शिकले, दास शिकले, तर आपल्या आबांना काय अवघड आहे? सहकारी बँकिंगचं प्रशिक्षण देणाऱ्या देशातल्या नावाजलेल्या संस्था आपल्या पुण्यात आहेत. वैकुंठ मेहता संस्था आहे, रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय आहे. बारामतीपासून शंभर किलोमीटर. उज्जैन-ओंकारेश्वरच्या सहली निघतात, तशी एक पुण्यालाही निघू दे.

ह्यावर दोन हरकती येणार हे मला माहीत आहे.

पहिली, "शिकलेल्यांनीच बँका बुडवल्या." खरं आहे. बुडालेल्या बँकांत सी.ए. होते, वकील होते, डॉक्टर होते. म्हणून तर म्हणतो, डिग्रीवर थांबू नका. कर्ज कुणाला दिलं, नातेवाइकाला किती, वसुली किती, हे विचारा. डिग्री बघून चोर ओळखता येत नाही, वसुलीचे आकडे बघून ओळखता येतो.

दुसरी हरकत, "सहकार हा सामान्य माणसाचा आहे, शिक्षणाच्या अटी घातल्या की गरीब बाहेर पडेल." ही हरकत मला जास्त वजनदार वाटते. सहकार उभा राहिला तो कमी शिकलेल्या पण शहाण्या माणसांनी. पण बघा, बँक बुडते तेव्हा मरतो कोण? मोठा कर्जदार नाही मरत. त्याला बातमी आधीच लागलेली असते. मरते ती मावशी. सामान्य माणसाच्या नावावर चाललेल्या संस्थेत सामान्य माणसाचाच पैसा सुरक्षित नसेल तर तो सहकार कुणाचा?

म्हणून ह्या महिन्यात एक काम करा. ३० सप्टेंबरच्या आत तुमच्या संस्थेची सभा होईल. अहवाल घरी येतो, नाही आला तर कार्यालयात जाऊन मागा. तुमचा हक्क आहे. आणि सभेत उठून एवढंच विचारा:

एक, ढोबळ आणि निव्वळ एनपीए किती आणि गेल्या वर्षीपेक्षा वाढला का.
दोन, ऑडिटचा वर्ग कुठला आणि ऑडिटरनं काय दोष काढले.
तीन, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज किती.
चार, बँक असेल तर ५१ टक्क्यांची अट कोणत्या संचालकांच्या कोणत्या ज्ञानावर किंवा अनुभवावर पूर्ण केली.
पाच, ह्या वर्षात किती संचालकांनी प्रशिक्षण घेतलं आणि कुठं.

चौथ्या प्रश्नाला सभागृहात शांतता पसरेल. पसरू द्या. एकट्यानं विचारायला संकोच वाटत असेल तर चौघं मिळून विचारा, लेखी द्या, पोच घ्या. जेवण गार झालं तर गरम करता येतं.

आणि हो, टपरीवरच्या मित्रांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. कॉम्प्युटर इंजिनिअर गव्हर्नर चालतो का? चालतो. इतिहासवालाही चालतो, वनस्पतिशास्त्रवाला तर फारच चांगला चालला. पुढच्या वेळी चहा माझ्याकडून. पण मग प्रश्न मी विचारणार, की तुमच्या सोसायटीच्या चेअरमनला तुम्ही काय बघून मत दिलं?

पटलं तर पुढं पाठवा, विशेषतः ज्यांच्या घरात एखादी मावशी आहे त्यांना. नाही पटलं तर खाली लिहा. शिव्या देऊ नका, आकडे द्या.